वाचक विचारतात : ‘कागा’ बुडाली, ‘कागा’ परत आली

मागच्या अंकात ‘विक्रांत’बद्दल लिहिताना मी जाता जाता एक उल्लेख केला होता. २०२४ च्या ऑक्टोबरात जपानची ‘कागा’ ही युद्धनौका कॅलिफोर्नियात सॅन दिएगोसमोरच्या समुद्रात एफ-३५बी ही सरळ खाली उतरू शकणारी अमेरिकन बनावटीची लढाऊ विमानं आपल्या डेकवर उतरवून पाहत होती. याच नावाच्या जहाजावरून उडालेल्या विमानांनी १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले होते. तेवढ्यावरून इतकी पत्रं आली की हा महिना जपानलाच दिला. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. मी नौदलात ‘विराट’च्या डेकवर विमानं हलवण्याच्या कामाला होतो. त्यामुळे माझी उत्तरं डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने येतात, हे नव्या वाचकांनी ध्यानात घ्यावं.

नाशिकहून एक वाचक : जपानच्या राज्यघटनेत युद्धाला बंदी आहे ना? मग ‘इझुमो’ आणि ‘कागा’ या विमानवाहू नौका त्यांनी बांधल्या कशा? त्यांची अधिकृत नोंद विनाशिका म्हणून आहे, असंही वाचलं.

एका दमात बांधल्या नाहीत, पायरीपायरीने बांधल्या. १९४७ पासून लागू झालेल्या घटनेच्या नवव्या कलमाने जपानने युद्धाचा हक्क सोडला. १९५४ मध्ये स्वसंरक्षण दलं उभी राहिली, त्यातलं सागरी दल म्हणजे आजचं जपानी नौदल. स्वसंरक्षणाला लागेल तेवढं किमान बळ ठेवायला घटनेची आडकाठी नाही, अशी सरकारची भूमिका राहिली. त्या ‘किमान’मध्ये काय बसत नाही, तेही सरकारने १९८८ मध्ये संसदेत सांगितलं : आंतरखंडीय क्षेपणास्त्रं, लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं आणि आक्रमणासाठीच्या विमानवाहू नौका.

आता पायऱ्या बघा. १९७३ मध्ये ‘हारुना’ दाखल झाली. पुढे तोफा, मागे छोटा डेक आणि पाणबुड्या शोधायला तीन हेलिकॉप्टर. १९९८ मध्ये ‘ओसुमी’ आली, वरून सपाट, पण कामाने सैन्य आणि रणगाडे उतरवणारी. २००९ मध्ये ‘ह्यूगा’ आली, १९७ मीटर लांब, टोकापासून टोकापर्यंत मोकळा डेक आणि उजव्या कडेला मनोरा, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती उंच खोली. २०१५ च्या मार्चमध्ये ‘इझुमो’ आणि २०१७ च्या मार्चमध्ये ‘कागा’ दाखल झाली. ‘ओसुमी’ सोडली तर दर वेळी म्हातारं झालेलं हेलिकॉप्टरवाहू जहाज निवृत्त व्हायचं आणि त्याच्या जागी आलेलं नवं जहाज आधीच्यापेक्षा बरंच मोठं असायचं. कागदावरचा वर्ग मात्र तोच राहिला, हेलिकॉप्टरवाहू विनाशिका. शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ‘इझुमो’ आणि ‘कागा’वरून एफ-३५बी उडवता यावीत म्हणून दोन्ही जहाजांत फेरबदल करायला मंजुरी दिली आणि अशी ४२ विमानं घ्यायचं ठरवलं. सरकारचं म्हणणं असं की ही विमानं जहाजावर कायम मुक्कामाला नसतील, गरज पडेल तेव्हा चढतील, म्हणून हे जहाज ‘आक्रमणासाठीचं’ ठरत नाही.

माझं मत विचाराल तर मी मोजमाप बघतो. ‘इझुमो’ २४८ मीटर लांब आहे. माझी ‘विराट’ साधारण २२७ मीटर होती. पूर्ण भरल्यावर ‘इझुमो’चं वजन २६ हजार टनांच्या पुढे जातं, ‘विराट’चं २८ हजारांच्या पुढे जायचं. त्या ‘विराट’ला आपण आयुष्यभर विमानवाहू म्हणालो. मग ज्या दिवशी ‘कागा’च्या डेकवरून जपानची स्वतःची लढाऊ विमानं रोजच्या कामासाठी उडतील, त्या दिवसापासून तिला दुसरं काही म्हणण्यात अर्थ नाही. तो दिवस अजून आलेला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात शिकोकूजवळ ‘इझुमो’वर पहिल्यांदा एफ-३५बी उतरलं, तेव्हा विमान अमेरिकन मरीन कोअरचं होतं आणि वैमानिकही त्यांचेच होते. जपानची स्वतःची पहिली एफ-३५बी मियाझाकी प्रांतातल्या न्यूताबारू तळावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पोचली. आणि हा तळ हवाई दलाचा आहे. विमान हवाई दलाचं, जहाज नौदलाचं, अशी ही व्यवस्था आहे. दोन दलांची माणसं एका डेकवर आली की सवयी जुळायला वेळ लागतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

कोल्हापूरहून एक शिक्षक : जगातली पहिली विमानवाहू नौका जपानने बांधली, असं मुलांना सांगितलं तर चालेल का?

सर, थोडं सांभाळून सांगा. जहाजांवरून विमानं त्याआधीही उडत होती. ब्रिटिशांनी दुसऱ्या कामासाठी बांधायला घेतलेली जहाजं बदलून त्यांवर डेक चढवले होते. पण पहिल्या दिवसापासून विमानांसाठीच आखलेलं आणि सर्वांत आधी सेवेत दाखल झालेलं जहाज म्हणजे जपानची ‘होशो’, २७ डिसेंबर १९२२. ब्रिटिशांनी ‘हर्मिस’चं काम तिच्याआधी सुरू केलं होतं, पण ती पुरी व्हायला १९२४ उजाडलं. म्हणजे काम आधी सुरू केलं ब्रिटिशांनी, आधी पुरं केलं जपानने. मुलांना दोन्ही सांगा.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगा, जी मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. जहाज जपानी होतं, पण त्यावर विमान उतरवायचं कसं, हे जपानमध्ये कुणालाच येत नव्हतं. त्यांनी ते उघडपणे मान्य केलं आणि शिक्षक बोलावले. १९२१ मध्ये सेम्पिल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षकांचं एक पथक जपानमध्ये कासुमिगौरा इथे आलं. उड्डाण, टॉर्पेडो टाकणं, इंजिनांची निगा, सगळं शिकवलं. मित्सुबिशीने सॉपविथ या ब्रिटिश विमान कंपनीत काम केलेल्या हर्बर्ट स्मिथकडून डेकवरून उडणारं लढाऊ विमान आखून घेतलं. आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये ‘होशो’वर पहिलं विमान उतरवलं ते विल्यम जॉर्डन या मित्सुबिशीच्या ब्रिटिश वैमानिकाने. त्याच्यामागून काही आठवड्यांत लेफ्टनंट किरा उतरला, तो पहिला जपानी.

‘होशो’ लहान होती, साडेसात हजार टनांच्या आसपास. उजव्या कडेला धुराडी होती, ती विमान उतरताना आडवी करता यायची. सुरुवातीला छोटा मनोरा होता आणि डेकचा पुढचा भाग उताराचा होता. वैमानिकांना मनोऱ्याची अडचण व्हायला लागली, तेव्हा दोनेक वर्षांत तो काढून टाकला आणि डेकही सपाट केला. वापरून बघायचं, अडलं की बदलायचं. या एका लहान जहाजावर जपानी नौदल डेकचं काम शिकलं. पुढे १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळ जपानी आणि अमेरिकन नौदलांची मोठी लढाई झाली, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ‘होशो’वरून टेहळणीला गेलेल्या विमानातून एक छायाचित्र घेतलं गेलं. त्यात ‘हिर्यू’ ही जपानी विमानवाहू नौका जळून निकामी होऊन तरंगते आहे. डेकचा पुढचा भाग उडून गेला आहे. ते छायाचित्र इतिहासाच्या पुस्तकांत हमखास असतं.

‘होशो’ स्वतः मात्र युद्धातून वाचली. नंतर परदेशी अडकलेल्या जपानी सैनिकांना आणि नागरिकांना मायदेशी आणायच्या कामाला लावली गेली. सुमारे ४० हजार माणसं तिने घरी आणली. मग मोडीत निघाली.

पुण्यातून एक विद्यार्थिनी : काका, मिडवेला एका दिवसात चार मोठी जहाजं कशी काय गेली? सगळे म्हणतात ‘पाच मिनिटांत नशीब फिरलं’. खरंच नशीब होतं का? आणि मग त्यातल्याच एकीचं नाव पुन्हा का दिलं?

बाळ, तुझ्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देतो आहे, कारण या विषयाचा गाभा इथे आहे.

आधी ती ‘कागा’ काय होती ते बघ. ती विमानवाहू म्हणून जन्मलीच नव्हती. कोबेच्या कावासाकी गोदीत तिचा सांगाडा १९२१ मध्ये पाण्यात उतरला तो युद्धनौकेचा, मोठ्या तोफांची. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने अशा जहाजांवर मर्यादा आली, तेव्हा ती मोडीतच जायची होती. विमानवाहू करायला ‘आकागी’ आणि ‘आमागी’ ही दोन जहाजं निवडली होती. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात योकोसुकाच्या गोदीत ‘आमागी’चा सांगाडा दुरुस्तीपलीकडे मोडला, म्हणून तिच्या जागी ‘कागा’ला घेतलं. भूकंप झाला नसता तर हे नाव आज कुणाला ठाऊकही नसतं. सुरुवातीला तिला एकावर एक असे तीन डेक होते. विमानं मोठी आणि जड होत गेली, तसे ते खालचे डेक निरुपयोगी ठरले आणि १९३५ पर्यंत तिला एकच लांब डेक दिला गेला.

आता ४ जून १९४२ ची सकाळ. जपानी ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल नागुमो याच्याकडे चार विमानवाहू नौका होत्या, ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’. पहाटे १०८ विमानं मिडवे बेटावर हल्ल्याला गेली. उरलेली विमानं अमेरिकन जहाजं दिसलीच तर टॉर्पेडो घेऊन तयार होती. सव्वासातच्या सुमारास हुकूम आला की टॉर्पेडो काढा, बेटावर टाकायचे बॉम्ब लावा. अर्ध्या तासाने हुकूम फिरला. मग टेहळणी विमानाने कळवलं की शत्रूकडे विमानवाहू नौका आहे.

हे वाचताना लोक नागुमोच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार करतात. मी खाली हँगरमध्ये, म्हणजे डेकखालच्या विमानं ठेवायच्या दालनात, कोण होतं याचा विचार करतो. एक टॉर्पेडो म्हणजे आठशे किलोच्या घरातला ऐवज. तो विमानाच्या पोटाखालून सोडवायचा, गाड्यावर घ्यायचा, बाजूला न्यायचा, त्याची पकड बदलायची, बॉम्बची पकड बसवायची, बॉम्ब आणायचा. जहाज तोवर हल्ले चुकवायला जोरात वळतं आहे, पायाखालची जमीन तिरकी होते आहे. काढलेलं शस्त्र परत तळाच्या कोठारात पाठवायचं असतं, पण त्याला लिफ्ट लागते, वेळ लागतो. त्या सकाळी वेळ नव्हता. बॉम्ब आणि टॉर्पेडो हँगरमध्येच भिंतीकडेला राहिले. विमानांत पेट्रोल भरलेलं होतं. आणि जपानी जहाजांचे हँगर बंद पेटीसारखे होते, चारही बाजूंनी लोखंड. अमेरिकन जहाजांच्या हँगरना बाजूने मोठी दारं होती. आग लागली तर वाफ आणि धूर बाहेर जायला वाट होती, पेटतं सामान समुद्रात ढकलता यायचं.

साडेदहाच्या थोडं आधी अमेरिकन ‘एंटरप्राइज’ची डाइव्ह-बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारी, विमानं वरून आली. ‘कागा’वर निदान चार बॉम्ब पडले. एक मनोऱ्याजवळ फुटला, त्यात कॅप्टन ओकादा आणि बरोबरचे अधिकारी गेले. आता हुकूम द्यायलाच कुणी राहिलं नाही. खाली हँगरमध्ये पेट्रोल पेटलं आणि मग तिथे पडलेली शस्त्रं एकामागून एक फुटत गेली. आग विझवायच्या पाण्याच्या वाहिन्याही पहिल्या तडाख्यात गेल्या. ‘आकागी’वर तर थेट एकच बॉम्ब पडला होता. एक! तरीही ती वाचली नाही. ‘कागा’ संध्याकाळी बुडाली, आठशेहून अधिक माणसं घेऊन.

त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला काय झालं ते बघ. ‘हिर्यू’च्या विमानांनी अमेरिकन ‘यॉर्कटाउन’वर तीन बॉम्ब टाकले. पण हल्ला येतोय म्हटल्यावर ‘यॉर्कटाउन’च्या खलाशांनी पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरून ठेवला होता. आग पसरली नाही. डेकला पडलेली भोकं बुजवली, बॉयलर पुन्हा पेटवले. दोनेक तासांत ती इतकी धडधाकट दिसत होती की ‘हिर्यू’च्या दुसऱ्या तुकडीला वाटलं, ही दुसरीच नौका आहे. शेवटी तीही बुडाली, ते खरं. पण बुडवायला जपानला बॉम्ब, विमानातून टाकलेले टॉर्पेडो आणि वर एक पाणबुडी लागली.

म्हणून नशिबाचं म्हणशील तर विमानं नेमकी त्या क्षणी डोक्यावर आली, हे नशीब. आग विझली नाही, यात नशिबाचा भाग थोडा आणि सवयीचा जास्त. जपानी जहाजांवर आग विझवणं हे ठरावीक पथकाचं काम मानलं जायचं. ते पथक पहिल्या स्फोटात गेलं तर बाकीच्यांना काय करायचं ते पक्कं शिकवलेलं नव्हतं. अमेरिकेने ते आचाऱ्यापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना शिकवायला घेतलं होतं. ‘विराट’वर आम्हालाही तेच शिकवलं. धुराने भरलेल्या खोलीत डोळे मिटून, हाताने भिंत चाचपत होजपाइप शोधायचा, सरावाचा दिवस कोणताही असो. तेव्हा कंटाळा यायचा. मिडवे वाचल्यावर कंटाळा गेला.

आणखी एक आकडा लक्षात ठेव. मिडवेला जपानचे उत्तमोत्तम वैमानिक गेले असं सगळे म्हणतात. गेलेल्या हवाई कर्मचाऱ्यांचा आकडा सव्वाशेच्या आत आहे. त्याच चार जहाजांवर विमानं सांभाळणारे ७०० हून अधिक यांत्रिक मेले. ते हँगरमध्ये होते. एखादा मुलगा अशा कामात मुरायला वर्षं लागतात, आणि ते ज्ञान पुस्तकात नसतं, शेजारी उभ्या असलेल्या जुन्या माणसाच्या हातात असतं. ती साखळी तिथे तुटायला लागली. १९४४ च्या जूनमध्ये ‘ताइहो’ ही अगदी नवी नौका एकाच टॉर्पेडोने फुटलेल्या टाकीतले पेट्रोलचे वायू जहाजभर पसरू दिल्यामुळे काही तासांनी स्फोट होऊन गेली. नोव्हेंबरात ‘शिनानो’ गेली, त्या काळची जगातली सर्वांत मोठी विमानवाहू. सेवेत येऊन दहा दिवस झाले होते. योकोसुकाहून कुरे या नौदल बंदराला निघाली होती. अमेरिकन ‘आर्चरफिश’ पाणबुडीचे चार टॉर्पेडो लागले. पाणी अडवणारी कामं अर्धवट होती आणि खलाशी नवखे होते. लोखंड भरपूर होतं, हात उरले नव्हते.

आता नावाबद्दल. जुनी ‘कागा’ २०१९ च्या ऑक्टोबरात ‘पेट्रेल’ या संशोधन जहाजाला सुमारे ५,४०० मीटर खोलीवर सापडली. तोवर नवी ‘कागा’ दोन वर्षं सेवेत होती. नावं पुन्हा ठेवणं ही सगळ्या नौदलांची रीत आहे. आपणही ‘विक्रांत’ परत आणली. पण सगळ्यांना ते नाव सारखं ऐकू येत नाही, हेही तुला कळायला हवं. जुनी ‘कागा’ १९३२ मध्ये शांघायवर आणि १९३७ मध्ये चीनवर पुन्हा बॉम्ब टाकून आली होती. जुनी ‘इझुमो’ १९३७ मध्ये शांघायला नौदलाचं प्रमुख जहाज म्हणून उभी होती. चीनमध्ये या दोन नावांवरून राग येतो तो मला समजतो. आणि कुरेच्या एखाद्या घरातून आजोबा गेले असतील तर त्या घराला नाव परत आल्याचं समाधान वाटत असेल, तेही समजतं.

रत्नागिरीहून एक वाचक : आमची आजी सांगायची, १९४२ मध्ये जपान मुंबईवर बॉम्ब टाकणार म्हणून माणसं बिऱ्हाडं घेऊन कोकणात परतली. जपानी नौका खरंच इतक्या जवळ आल्या होत्या का?

आजींची भीती खोटी नव्हती. एप्रिल १९४२ मध्ये पर्ल हार्बरवाल्या सहापैकी पाच नौका हिंदी महासागरात आल्या होत्या. सहावी, म्हणजे ‘कागा’, पालाऊला खडकावर घासली म्हणून दुरुस्तीला सासेबोला गेली होती. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला. त्याच दिवशी ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या ब्रिटिश क्रूझर बुडाल्या. ६ एप्रिलला ‘र्यूजो’ या लहान विमानवाहूच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. बंगालच्या उपसागरात ॲडमिरल ओझावाच्या ताफ्याने वीसहून अधिक व्यापारी जहाजं बुडवली. ९ एप्रिलला श्रीलंकेतल्याच त्रिंकोमालीवर हल्ला झाला.

अरबी समुद्रात मात्र त्या नौका आल्या नाहीत. मुंबईला आली ती ब्रिटिश आरमाराची जलद तुकडी, ॲडमिरल सॉमरव्हिलची. जपानी ताफ्याच्या आवाक्याबाहेर राहण्यासाठी ती एप्रिलच्या मध्याला मुंबई बंदरात येऊन थांबली. इतकी मोठी जहाजं अचानक बंदरात दिसल्यावर मुंबईकरांनी काय अर्थ काढला असेल, याची कल्पना करता येते. जपानी ताफा तोवर मलाक्काच्या सामुद्रधुनीतून परत फिरलेला होता.

या मोहिमेतली माझ्या मनाला लागलेली गोष्ट ‘हर्मिस’ची. वर कोल्हापूरच्या सरांना सांगितली तीच, जिचं काम ‘होशो’च्या आधी सुरू झालं होतं. ९ एप्रिलला ती श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआजवळ जपानी डाइव्ह-बॉम्बर विमानांना सापडली. तिच्यावर एकही विमान नव्हतं, तिची विमानं किनाऱ्यावर राहिली होती. काही मिनिटांत बुडाली, ३०७ जण गेले. तिचं नाव ब्रिटिशांनी पुढच्या जहाजाला दिलं, आणि ते दुसरं ‘हर्मिस’ १९८७ मध्ये आपल्याकडे येऊन ‘विराट’ झालं. ज्या डेकवर मी वावरलो, त्याच्या नावाच्या आधीच्या जहाजाला जपानी नौकांवरच्या विमानांनी बुडवलं होतं. २०१८ मध्ये नवी ‘कागा’ कोलंबोला पाहुणी म्हणून गेली आणि तिथून विशाखापट्टणमला आपल्या नौदलाबरोबर सरावाला आली. २०२१ मध्ये ती अरबी समुद्रातही सरावाला होती.

ठाण्याहून एक वाचक : ‘विराट’ला पुढे उंच उचललेला डेक होता. ‘कागा’चा सपाट आहे. मग विमान उडणार कसं?

‘विराट’चा स्की-जंप १२ अंशांचा होता, सी हॅरियरला कमी धावेत वर फेकायला. एफ-३५बीच्या वैमानिकामागे एक मोठा उभा पंखा आहे आणि शेपटीकडचं तोंड खाली वळतं. डेक पुरेसा लांब असेल तर ते सपाट डेकवरूनही उडतं, अमेरिकन मरीन तसंच उडवतात. स्की-जंपने जास्त वजन घेऊन उडता येतं, पण तिथे हेलिकॉप्टरची जागा जाते. जपानने सपाट ठेवायचं पसंत केलं. पण ‘कागा’चं नाक त्यांनी बदललं. आधी डेक पुढे निमुळता होत जायचा, कुरेच्या गोदीत तो कापून चौकोनी केला, म्हणजे उड्डाणाच्या रेषेत वारा विस्कटणार नाही. शिवाय डेकवर उष्णता सोसणारा थर दिला, कारण उतरताना इंजिनाचा झोत सरळ खाली लागतो. सी हॅरियर उतरताना पायताणातून उष्णता जाणवायची. एफ-३५बीचा झोत त्याच्या कितीतरी पट तीव्र.

बेळगावहून एक वाचक : पंचाहत्तर वर्षांचा खंड पडला. जपानला हे काम पुन्हा जमेल का?

जहाज बांधणं त्यांना जमतंच, तो प्रश्नच नव्हता. हेलिकॉप्टरांचं डेकवरचं काम ते पन्नास वर्षं अखंड करत आले आहेत आणि ते उत्तम करतात. आग विझवण्याच्या सरावाबद्दल त्यांचं आजचं नौदल फार कडक आहे.

अवघड आहे ते जेट विमानांचं रोजचं काम. डेकवर सकाळी सगळे एका ओळीत उभे राहून चालत जातात आणि पायाखालचा प्रत्येक खडा, वॉशर, तारेचा तुकडा उचलतात, कारण तो इंजिनात गेला तर विमान गेलं. विमान कुठल्या क्रमाने लावायचं, कुठलं आधी निघेल, पाऊस आणि अंधार असताना हाताच्या खुणा कशा दिसतील, साखळ्या कधी सोडायच्या. हे शेकडो वेळा केल्याशिवाय अंगात येत नाही. म्हणून सॅन दिएगोसमोर ‘कागा’ने काय केलं याला माझ्या लेखी बातमीत आलं त्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. अमेरिकन वैमानिक आणि अभियंते जहाजावर होते. वेगवेगळ्या वाऱ्यात, वेगवेगळ्या वजनात उतरवून-उडवून ते मोजत होते आणि जपानी डेक-कर्मचारी बाजूला उभे राहून शिकत होते. १९२१ मध्येही जपानने असंच केलं होतं. येत नाही ते येणाऱ्याला विचारायचं, यात त्यांना तेव्हा कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. या गुणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

काळजी वाटते ती माणसांची. जपानमध्ये तरुण कमी होत चालले आहेत आणि नौदलाला भरतीसाठी मुलं पुरत नाहीत. ‘इझुमो’सारखं मोठं जहाज ४७० च्या आसपास माणसांत चालवतात, ‘विराट’वर आम्ही हजाराच्या वर होतो. यंत्रं आल्याने पुष्कळ कामं कमी झाली, मान्य. पण जहाजाला तडाखा बसला तर होजपाइप धरायला हात लागतात, आणि तिथे ४७० मला कमी वाटतात.

मुलाकडे टोकियोला निघालेलं सोलापूरचं एक जोडपं : यातलं काही आम्हाला बघायला मिळेल का?

जरूर. टोकियोहून योकोसुका रेल्वेने तासा-सव्वा तासावर आहे. शिओइरी स्टेशनजवळून बंदर फिरवणारी बोट सुटते, तिकीट आधी काढून ठेवा. नशीब असेल तर ‘इझुमो’ धक्क्याला लागलेली दिसते, तिचा तळ तिथेच आहे. त्याच बंदरात अमेरिकेचा नौदल तळ आहे. तिथली सहा नंबरची गोदी ‘शिनानो’साठी वापरलेली. आज ती अमेरिकन नौदलाकडे आहे. १९७३ पासून अमेरिकेची एक विमानवाहू नौका कायम योकोसुकात असते. तिथे आलेली पहिली होती ‘मिडवे’. गावातच ‘मिकासा’ ही १९०५ मध्ये रशियाशी झालेल्या त्सुशिमा लढाईतली युद्धनौका स्मारक म्हणून ठेवली आहे, आत फिरता येतं.

हिरोशिमाला जाणार असाल तर एक दिवस कुरेला द्या. ‘कागा’चा तळ तिथे आहे. आरेइ-कारासुकोजिमा नावाची किनाऱ्यालगतची बाग आहे, तिथून पाणबुड्या अगदी जवळून दिसतात. जुन्या ‘इझुमो’, ‘ह्यूगा’ आणि ‘इसे’ जुलै १९४५ मध्ये याच परिसरातल्या पाण्यात अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात बुडाल्या. त्या तिन्ही नावांची जहाजं आज पुन्हा सेवेत आहेत. चालायचं बरंच आहे, काकूंना सोयीचे बूट घालायला सांगा. आणि नौदलाच्या धक्क्याजवळ पाट्या असतील तिथे फोटो काढू नका.